जा तू, मी थांबतो

तात्यांना जाऊन सव्वा महिना झाला. दिवसकार्य पार पडलं, पाहुणे परतले, मीही पुण्याला आले. या फोरमवर जुन्या कोल्हापूरबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून आमच्या तात्यांबद्दल इथंच लिहावंसं वाटलं. पेपरात नाव यावं असं त्यांनी काही केलेलं नाही. पण गंगावेस, शुक्रवार पेठ आणि उद्यमनगर या तीन ठिकाणी त्यांना ओळखणारी बरीच माणसं आहेत. त्यातलं कुणी इथं असेल तर त्यांनीही लिहावं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घर शुक्रवार पेठेत, गंगावेशीतनं पंचगंगा घाटाकडं उतरताना. एकाच घरात आम्ही दोन चुली, अंगण एक. व्यवसायानं टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारे. सोळाव्या वर्षी उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागले आणि पुढं ४५ वर्षं लेथसमोर उभे राहिले. गेले तेव्हा वय ७४.

त्यांचं एक वाक्य होतं. घरातल्या प्रत्येकानं ते इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी दुसऱ्यानं म्हटलं तरी तात्यांचाच आवाज येतो. "जा तू, मी थांबतो."

उन्हाळ्यात चटणीचा दिवस असायचा तिथपासून सांगते. कोल्हापुरातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. वर्षाची कांदा-लसूण चटणी घरी करायची म्हणजे मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मसाला तळायचा आणि मग सगळं डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, न्यायचं. एप्रिलमध्ये डंकासमोर डब्यांची रांग लागते. नंबर यायला चार-पाच तास सहज जातात आणि तिथं माणूस लागतोच, कारण आपली मिरची कुटताना आपण समोर नसलो की दुसऱ्याच्या मिरचीत मिसळायची भीती. काकू आणि आई तिथं तासभर उभ्या राहिल्या की तात्या कामावरनं तसेच यायचे आणि म्हणायचे, "जावा तुम्ही, मी थांबतो." मग शेजारची जोशीणबाई, पलीकडची कासारीण, सगळ्याच आपापले डबे तात्यांच्या हवाली करून घरी. तात्या तोंडाला पंचा बांधून त्या लाल धुरळ्यात बसलेले. रात्री नऊला हातगाडीवर सात-आठ डबे घालून गल्लीत यायचे. डोळे लालभडक, शिंका थांबत नाहीत आणि प्रत्येकीच्या डब्याला तिच्या नावाची चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या असायच्या. स्वतः सिगारेट ओढत नव्हते. पाकिटं पानपट्टीसमोरनं गोळा केलेली.

दुसरं, अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि पहिल्या दिवशी पाय, मग कंबर, मग चेहरा अशी देवीच्या अंगावर चढतात. त्या दिवसांत देवळात पाय ठेवायला जागा नसते. मी सातवीत असताना तात्या मला घेऊन गेले. महाद्वारापाशी आल्यावर म्हणाले, "जा तू आत, मी चपला बघतो." मी म्हटलं, तात्या, चपला ठेवायला दुकानं आहेत की. तर म्हणाले, "असू दे की, मी थांबतो." मी आत गेले, गर्दीत कुणाच्या तरी आईनं मला पुढं ढकललं, आणि देवीच्या चेहऱ्यावर ऊन आलेलं मी बघितलं. दोन मिनिटांचा खेळ. मग घंटा, आरती, गलका. बाहेर आले तर तात्या तिथंच, हातात माझ्या चपला, पश्चिमेकडं पाठ करून. मी म्हटलं, "तुम्ही बघितलंच नाही." ते म्हणाले, "ऊन माझ्या पाठीवरनंच आत गेलं की गं."

हे मी कितीजणांना सांगितलंय आजवर.

उद्यमनगरचं सांगायचं तर तिथं मला शाळेच्या सुट्टीत डबा घेऊन पाठवायचे. तात्यांचा लेथ खिडकीपाशी होता. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनच्या चकात धरला, टूल लागलं, की लोखंडाचं निळं, कुरळं वेटोळं सुटत यायचं, गरम, धूर निघणारं. त्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. वरनं पांढरं कूलंट गळत असायचं आणि त्याचा आंबूस वास शर्टाला कायमचा. तात्या मधेच मशीन बंद करून व्हर्नियर लावायचे, मग मायक्रोमीटर, आणि शेवटी काहीच नाही, नुसता अंगठा. बुश (पोकळ कडं) शाफ्टवर (दांड्यावर) घालायचा, अंगठ्यानं ढकलायचा. तो एका जागी अडून, थांबून, मग हळूच सरकला तर काम झालं. खटकन गेला तर म्हणायचे, "सैल झाला, परत." गिऱ्हाईक म्हणायचं, "चालतंय हो मेस्त्री." तात्या ऐकायचे नाहीत. दुसरा तुकडा कापायचे, स्वतःच्या खर्चानं.

कोल्हापुरात ऑइल इंजिनं बनत होती, त्या इंजिनांचे भाग तात्यांच्या हाताखालनं गेले. पुढं इंजिनांचे दिवस सरले. ते ज्या कारखान्यात होते तोही बंद पडला. नाव लिहीत नाही, लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. पण २२ वर्षांच्या नोकरीचे पैसे, ग्रॅच्युइटी धरून, त्यांना कधीच मिळाले नाहीत. दर महिन्याच्या १० तारखेला ते सायकलवरनं मालकाच्या घरी जायचे, व्हरांड्यात बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. "पुढच्या महिन्यात म्हणालेत." असं तीन वर्षं चाललं. आमच्या घरात या गोष्टीचा राग अजून आहे, माझा तर आहेच. एक दिवस काकूंनी सायकलीची किल्ली लपवली आणि म्हणाल्या, "तिथं आता थांबायचं न्हाई." त्यानंतर तात्या गेले नाहीत. पतसंस्थेचं कर्ज काढून एक जुना सहा फुटी लेथ घेतला आणि एका गाळ्यात अर्धी जागा भाड्यानं. शेवटपर्यंत तो लेथ त्यांचा.

सोमवारी सुट्टी. सोमवारी सकाळी गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्यालाच उभ्या, तुम्ही पेला पुढं करायचा, गवळी तुमच्यासमोर धार काढणार. स्टीलच्या पेल्यात पहिली धार पडताना आवाज टणटणीत असतो. पेला भरत जाईल तसा तो दबत जातो आणि शेवटी फेसात धार शिरताना नुसतं फस्स होतं. तात्या डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि भरायच्या क्षणी "बास" म्हणायचे. कधी चुकलं नाही. हे मी त्यांच्याकडनं शिकले. मला अजून जमतं.

मी १९९८ ला पुण्याला शिकायला गेले, घरातली पहिलीच मुलगी. वडिलांना मनातनं पटलं नव्हतं, त्यांना स्टँडवर यायचं धाडस झालं नाही. तात्या आले. पिशवी वर ठेवली, खिडकीतनं शेंगदाण्याची पुडी दिली. मी म्हटलं, "जातो मी तात्या." (कोल्हापूरच्या मुली जातो, येतो, करतो असंच म्हणतात. पुण्यात होस्टेलवर याचं फार हसू व्हायचं, पण मी बदललं नाही.) गाडी सुटायला अर्धा तास होता. "तुम्ही जावा आता," म्हटलं. "जाईन की. तुझी गाडी जाऊ दे." गाडी फाटकातनं वळली तेव्हा मागं बघितलं, तात्या फलाटाच्या टोकाला आलेले. हात हलवत नव्हते. नुसते उभे. पुढची सहा वर्षं, वर्षातनं चार-पाचदा, हे असंच. येतानाही तेच. गाडी रात्री दीडला पोचो नाहीतर अडीचला, तात्या स्टँडवर, सायकलीला टेकून.

मित्र चार. एक शिंपी, एक एसटीचे ड्रायव्हर, एक पैलवान, एक महापालिकेच्या बागेत माळी. रोज रात्री जेवून तालमीच्या कट्ट्यावर. काय बोलायचे देव जाणे, मला तर बहुतेक वेळा पाचहीजण गप्प बसलेले दिसले. अपवाद फुटबॉलचा. कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांना हे समजावून सांगणं अवघड आहे. पाटाकडील आणि खंडोबा या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की अर्धी पेठ शाहू स्टेडियमवर. तात्या खंडोबाचे. राहायला शुक्रवार पेठेत आणि संघ शिवाजी पेठेतला, याचं कारण त्यांचं आजोळ तिकडचं. हरले की दोन दिवस बोलायचे नाहीत. त्या दोन दिवसांत काकू त्यांच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढायच्या आणि तेही मुकाट जेवायचे.

आणि २०१९ चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. "पाणी जामदार क्लबला आलं" म्हटलं की सामान वरच्या माळ्यावर चढवायचं. दरवर्षीचंच. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची सगळी राजारामपुरीत मावशीकडं गेली. शेजारच्या आजी, वय ८६, घर सोडायला तयार नव्हत्या. २००५ च्या पुरालाही मी इथंच होते म्हणाल्या. तात्या घरच्यांना म्हणाले, "व्हा तुम्ही पुढं, मी थांबतो म्हातारीसंगं." मी पुण्यात. शिरोलीपाशी महामार्गावर पाणी, गाड्या बंद, जायचा रस्ताच नाही. लाईट गेलेली, दुसऱ्या दिवशी तात्यांचा मोबाईल बंद पडला. शहराचे पाण्याचे पंप बुडाले होते. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी बोट आली. जवानांनी आधी आजींना खुर्चीसकट उतरवलं, मग मांजराची टोपली, मग तात्या. राजारामपुरीत पोचल्यावर त्यांनी मला दुसऱ्याच्या फोनवरनं फोन केला. पहिलं वाक्य, "म्हातारी लई बोलते गं. तीन दिवस झोपू दिलं न्हाई."

आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. खांद्याला तात्या होतेच.

एवढंच लिहायचं होतं. जास्त झालं असेल.

– गंगावेस_चौक

---

प्रतिसाद

रंकाळावेस : वाचून डंकाचा ठसका इथं मस्कतमध्ये आला. आमच्याकडं हे काम मामाकडं होतं. डंकावर गेलेला माणूस घरी आला की त्याला आधी गूळ आणि ताक द्यायची पद्धत होती, तुमच्याकडं होती काय? तात्यांना नमस्कार.

गंगावेस_चौक : ताक होतं. गूळ तात्या स्वतःच घ्यायचे, डब्यातनं, काकूंना न विचारता.

सांगरूळ_शिवार : ताई, नमस्कार. तुमचा लेख मला पुतण्यानं वाचून दाखवला आणि टाईपही तोच करतोय. गाळा, खिडकीपाशी लेथ, पंचा, अंगठा, हे ऐकून मी त्याला म्हणालो, अरं ह्यो माणूस मला म्हाईत हाय.

आमचं गुऱ्हाळ हुतं, आता न्हाई. साल नेमकं सांगत न्हाई, ९६-९७ चा हंगाम असंल. थंडी लई. रातीच्या पाळीत चरकाचा शाफ्ट मोडला. तुमी कोल्हापूरच्या, तुमास्नी कळंल. ऊस तोडून दारात पडलेला, ढीगभर. तोडलेला ऊस वाळला की रस बी कमी आन् गुळाला रंग बी येत न्हाई. काहिलीत निम्मा रस आटत आलेला, चुलवाण पेटलेलं. गुळव्या कपाळाला हात लावून बसला. मी आन् माझा थोरला भाऊ शाफ्टाचे दोन तुकडे पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरनं उद्यमनगरात आलो. रातीचं साडेसात-आठ वाजलं आसतील. सगळी शटरं खाली. एक गाळा उघडा, तोबी बंद कराय लागलेला. तुमचं तात्या. अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेलं, कुठंतरी निघालेलं.

पोतं उघडून तुकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. मग सदरा काढून खुंटीला लावला आन् मळका घातला.

नवा शाफ्ट घडवायला पहाटंचं चार वाजलं. माझा भाऊ म्हणाला, मेस्त्री, आमी बसतो, तुमी चहा पिऊन या. तर म्हणालं, "तुमी जावा, चहा पिऊन या. मी हाय हितं." निघताना भावानं पैसं इचारलं. जे सांगितलं ते दिवसाच्या रेटापरीस एक रुपाया जास्त न्हवतं. म्हटलं, रातीचं काय? म्हणालं, "रातीचं लोखंड येगळं आस्तंय काय?"

त्या हंगामाचा गूळ दिवाळी पाडव्याच्या सौद्याला न्हवता, पण नंतर चांगला गेला. आमी गुळाचा एक रवा, म्हंजी ढेप, घिऊन गाळ्यावर गेलो हुतो. घेत न्हवतं. ठिवून पळून आलो. ताई, तुमी ज्यो डब्यातला गूळ म्हणालासा, त्यो आमचा आसंल तर बरं वाटंल.

गंगावेस_चौक : काका, तुमचाच. दर संक्रांतीच्या आसपास घरात एक रवा यायचा आणि तात्या म्हणायचे "एकानं दिलाय." कुणी ते कधीच सांगितलं नाही. म्हणजे तुम्ही एकदा नाही, दरवर्षी पळून गेलात.

सांगरूळ_शिवार : गुऱ्हाळ हुतं तवर.

शिंप्याची_लेक : तू मला ओळखलं असशीलच, हँडलवरनं. कट्ट्यावरच्या चौघांतला शिंपी तो माझा बाप.

अप्पांची नजर साखरेमुळं गेली, हे तुला माहीत आहे. २०११ पासून त्यांना उजेड-अंधार एवढंच कळायचं. शिंप्याचे डोळे गेले म्हणजे काय गेलं हे मी सांगायला नको. सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. मग एक दिवस दुपारी तात्या आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, ह्याची चप्पल कुठाय?" आई म्हणाली, कुठं नेतासा? "मॅचला."

अप्पा ओरडले, आंधळा माणूस मॅचला जाऊन काय करू? तात्यांनी त्यांच्या पायात चप्पल घातली. वाकून, स्वतःच्या हातानं.

मी एकदा त्यांच्या मागच्या पायरीवर बसले होते, म्हणून हे प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. तात्या अप्पांच्या कानात सगळी मॅच सांगायचे. "आता बॉल आपल्या पोराकडं हाय. लंबू. डावीकडनं निघालाय. एक गेला, दुसरा बी गेला. अरं दे की रं पलीकडं, उघडा हाय त्यो... न्हाई दिला. मारला. वर गेला."

अप्पा विचारायचे, "लई वर?"

"पार खासबागंच्या मैदानात पडला."

आणि अप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे, बघितल्यासारखे. पहिल्या हाफनंतर पैलवानकाका म्हणायचे, आता मी सांगतो, तू जरा मॅच बघ. तात्या द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुला फुटबॉल कळत न्हाई, तू धोबीपछाड सांगशील." अप्पा २०२० मध्ये गेले, तोवर नऊ हंगाम हे चाललं. तात्यांची स्वतःची एक मॅच नीट बघून झाली नसणार त्या नऊ वर्षांत.

काकूंना भेटायला येतेय.

पन्हाळा_रोड : माझा तात्यांशी परिचय नाही, पण एक विचारायचं होतं. अशी माणसं त्या काळात जास्त होती की आपल्याला आता तसं वाटतं? माझे चुलते गोकुळ शिरगावला होते, तेही असेच. सगळ्यांचे.

लेथ_सहा_फुटी : मी तात्यांचा मुलगा. ताईनं धागा पाठवला, दोन दिवस उघडला नाही. आज कंपनीत सेकंड शिफ्ट संपवून बसलोय. पन्हाळा_रोड, तुम्ही "सगळ्यांचे" म्हणालात म्हणून लिहितोय.

सगळ्यांचे होते हे खरं. त्याला घरात किंमत द्यावी लागते, ती आईनं दिली आणि मी दिली. ताईला स्टँडवर घ्यायला अडीच वाजता जाणारा माणूस माझ्या एकाही शाळेच्या बक्षीस समारंभाला आला नाही. सांगरूळच्या काकांनी जी रात्र सांगितली, धुतलेला सदरा, विंचरलेले केस, ती तीच रात्र की तसलीच दुसरी, मला सांगता येणार नाही. पण आठवीत असताना आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन केशवराव भोसले नाट्यगृहात होतं. थंडीचेच दिवस. मला नाटकात काम होतं. छोटं नव्हतं, पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत होतं. तात्या सकाळी कबूल करून गेले होते. आई पुढनं चौथ्या रांगेत बसली होती, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून. पडदा पडेपर्यंत मला त्या खुर्चीवर ती पिशवीच दिसत होती.

सकाळी उठलो तर तात्या दारात पाय धूत होते. मी बोललो नाही. तेही बोलले नाहीत. पुढं मी डिप्लोमा केला, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर गेलो, मुद्दाम त्यांच्या लेथला हात लावला नाही. काका, तुमचा राग नाही. ऊस वाळला असता, हे मला आता कळतं. तेव्हा मी १३ वर्षांचा होतो.

आता हे ताईलाही माहीत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ८ तारखेच्या रात्री, नाट्यगृहाला आग लागली. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री सगळं जळालं. सकाळी तात्या मला म्हणाले, मला तिथं घेऊन चल. पाय दुखत होते तेव्हा त्यांचे, गाडीवर मागं बसवून नेलं. पोलिसांनी दोरी लावलेली, बाहेर माणसं रडत होती, कलाकार मंडळी होती. छप्पर पडलेलं, भिंती काळ्या, आतनं अजून धूर येत होता आणि ओल्या राखेचा वास. खासबागेच्या अंगाला आम्ही उभे राहिलो. बराच वेळ. मला ड्युटीवर जायचं होतं.

मग तात्या म्हणाले, "तुझं नाटक हितंच हुतं न्हवं?"

२७ वर्षं झाली होती. मी "व्हय" म्हणालो.

म्हणाले, "त्यात तू काय झाला हुतास?"

मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, कोण कोण होतं, गोष्ट काय होती, शेवट काय होता. मी सगळं सांगितलं, रस्त्यात उभं राहून, आठवतील तेवढे संवाद म्हणून दाखवले. एक पोलीस बघत होता. कंपनीत फोन करून हाफ डे टाकला. तात्या मधे एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "चल आता. तुला उशीर झाला."

लेथ मी विकलेला नाही. कालच ऑइलिंग केलं.

शिंप्याची_लेक : भावा.

सांगरूळ_शिवार : पोरा, मी येऊन जातो घरला. पुतण्या आणतो म्हणालाय.

रंकाळावेस : सकाळी ऑफिसला जाताना वाचलं. गाडी बाजूला घेतली.

गंगावेस_चौक : दादा, मला खरंच माहीत नव्हतं. अडीच वाजता मला घ्यायला यायचे तेव्हा तू घरात जागा असायचास हे मात्र आठवतं. दार तूच उघडायचास. मी सरळ आत जाऊन झोपायचे, तुझ्याशी धड बोललेही नाही कधी. आज ते लिहिताना खिडकीतली पुडी आठवली मला आणि तू आठवला नाहीस, याचं वाईट वाटतंय.

काकूंशी फोनवर बोलले. धागा वाचून दाखवला, सगळा, तुझा प्रतिसादही. तू रागावू नकोस. काकू ऐकून एवढंच म्हणाल्या की त्या रात्री खुर्चीवरची पिशवी त्यांनी शेवटपर्यंत उचलली नाही, माणसं बसायला जागा मागत होती तरी. आणि त्या पिशवीत तात्यांच्यासाठी डबा होता. थंड झालेला डबा घरी येऊन परत गरम केला आणि पहाटे साडेचारला तात्यांनी तो खाल्ला. खाताना विचारलं, पोरगं कसं झालं. काकू म्हणाल्या, चांगलं झालं. "मला सांग," म्हणाले. मग काकूंनी सांगितलं. म्हणजे गोष्ट त्यांना माहीत होती, दादा. शेवटासकट. तुझ्या तोंडून ऐकायची राहिली होती.

शनिवारी निघता येत नाही, रविवारी रात्री निघते. सोमवारी सकाळी साडेसहाला दूध कट्ट्यावर जाऊ, काकूंना घेऊन. गाडी पोचायला दीड-दोन होतील. तू झोप, मी रिक्षानं येतो.

लेथ_सहा_फुटी : रिक्षा करू नको. स्टँडवर हाय मी.